तवमणीची ताली

कवठे महांकाळ सोडून पूर्वेला निघालं की माळावर मधूनच एखादा असा बंगला दिसतो की नवखा माणूस तोंडात बोट घालतो. आजूबाजूला कुसळं, शेरडाचं पोट भरेल एवढंही हिरवं नाही, आणि मधे तीन मजले, गुलाबी रंग, गच्चीवर सिमेंटचा मोर. हे गलाईवाल्यांचे बंगले. आमच्या भागातली माणसं दुष्काळाला कंटाळून पार तमिळनाडू-केरळपर्यंत पांगली आणि तिथं गलाईच्या धंद्यात शिरली. गलाई म्हणजे जुने दागिने वितळवायचे, तेजाबात घालून भेसळ काढायची आणि चोख सोन्याची लगड करून द्यायची. पुढारी भाषणात सांगतात, हे आमच्या माणसांच्या घामाचं सोनं आहे. घाम होता, मी नाही म्हणत नाही. भट्टीपुढं बसून बसून माझ्या दाजींच्या छातीवरचे केस जळाले होते. पण ते सोनं आधी कुणाच्या अंगावर होतं हे भाषणात कुणी सांगत नाही. मला एकीचं ठाऊक आहे, म्हणून लिहायला बसलो.

माझं नाव ज्योतिबा. फौजेत पंधरा वर्षं काढली आणि नव्वद साली नायक म्हणून पेन्शनवर आलो. शेवटची दोन वर्षं श्रीलंकेत होतो. तिथं काय केलं ते विचारू नका. गावात कुणी विचारलं तर मी तिथली नारळाची झाडं किती उंच होती तेवढं सांगतो आणि चहा मागवतो. तर गोष्ट माझी नाही. माझ्या थोरल्या बहिणीची, हरणाबाईची आहे.

आक्का जन्मली पलूसकडे, कुणाच्या तरी उसाच्या बांधावर. आमचा बाप धुळा दर साली मेंढरं घेऊन कृष्णाकाठाला चारायला जायचा, त्या वाटेवर. शाळा तिनं बाहेरूनसुद्धा पाहिली नाही. वीसच्या पुढं मोजता येत नसे, पण दीडशे मेंढरांत कुठलं कोकरू कुठल्या मेंढीचं, हे ती लांबूनच सांगायची. तोंडानं फटकळ, हातानं सढळ. आमच्या पालावर कुणी बाई आली आणि आक्कानं कपाळाला हळद-कुंकू लावल्याशिवाय तशीच गेली, असं कधी झालं नाही. आमची आई लवकर गेली होती. घरातलं बाईमाणूस म्हणून हा मान तिच्याकडं नवव्या-दहाव्या वर्षीच आला होता आणि तिनं तो अंगाला लावून घेतला होता.

लग्न झालं नानासो दाजींशी. त्यांचीही मेंढरं होती. शहाऐंशीच्या टंचाईत निम्मी मेली, उरलेली त्यांनी विकली आणि भावकीतल्या एकाच्या मागोमाग रामेश्वरच्या अलीकडं रामनाथपुरमला जाऊन गलाई शिकले. चार वर्षांनी स्वतःचं दुकान टाकलं, तेव्हा आक्काला घेऊन गेले. म्हणजे बघा, मी लंकेतून बोटीनं परत आलो तो मार्च महिना, आणि मे महिन्यात आक्का समुद्राच्या अलीकडच्या अंगाला बिऱ्हाड मांडून बसली होती.

जूनमध्ये तिकडं लढाई पुन्हा पेटली. माणसं जीव घेऊन नावांमधून इकडं यायला लागली. आपल्या पेपरात दोन ओळी यायच्या, निर्वासितांचा लोंढा. पण त्या नावा कसल्या होत्या ते मी पाहिलेलं आहे. पंधरा माणसांची मासेमारीची नाव, तीत पन्नास कोंबायचे. किनाऱ्यावरच नावाडी कानातलं, नाकातलं काढून घ्यायचा, मग नाव ढकलायचा. वर गस्तीच्या बोटीचं भय, खाली भरतीचं. आणि पहाटे कुठल्यातरी वाळूच्या पट्ट्याशी छातीभर पाण्यात उतरवून सांगायचा, आला इंडिया. तो इंडिया नसायचाच. समुद्राच्या मधोमध उघडा पडलेला वाळूचा दांडा. पाण्याचा थेंब नाही, सावलीला काडी नाही. एखादा कोळी तिकडून गेला तर सुटका, नाहीतर भरतीची वाट बघत बसायचं. आणि ही सगळी चैन करायला माणसानं अंगावरचं सोनं मोजायचं.

मला ठाऊक असलेली ती एक म्हणजे तवमणी; अशा एका दांड्यावर दोन दिवस होती, मग कोळ्यांनी किनाऱ्याला आणली. बरोबर सात वर्षांची मुलगी आणि अंगावर पिणारं पोर. कानातलं-नाकातलं होतं नव्हतं ते दिल्यावर नावाड्यानं या तिघांनाच घेतलं. नवरा म्हणाला, तू हो पुढं, मी मागच्या नावेनं येतो.

ती आक्काच्या दुकानात आली तेव्हा दुपार होती आणि दाजी सोनं घेऊन मदुरेला गेले होते. अंगावर निर्वासितांच्या छावणीत मिळालेली लाल काठाची साडी. खांद्यावरच्या पोराचे डोळे खोल गेलेले. गळ्यात पिवळा दोरा आणि त्याला हळकुंड बांधलेलं. तिनं पदराची गाठ सोडून बोटाच्या पेराएवढा सोन्याचा नक्षीदार डाग आक्काच्या पुढं ठेवला. शेजारच्या कॉफीवाल्यानं मुंबईत चार वर्षं काढली होती, त्यानं हिंदीत सांगितलं, "पोराला हगवण लागली आहे. डॉक्टरला पैसे पाहिजेत. आठ दिवस ठेवून घ्या. नवरा येणार आहे, सोडवून नेईल."

गलाईवाले गहाण ठेवून घेत नाहीत. पण आक्कानं पोराकडं बघितलं होतं. तिनं डब्यातले पैसे दिले, पोराला मीठ-साखरेचं पाणी चमच्यानं पाजलं आणि बाई जायला निघाली तशी करंडा काढून तिच्या कपाळाला हळद-कुंकू लावलं. मग तो डाग उचलला आणि वितळवायच्या डब्यात टाकला.

तुम्ही म्हणाल, ठेवून घे म्हटलेली वस्तू डब्यात कशी टाकली? गलाईत वस्तूला तोंड नसतं, तोंड असतं ते वजनाला. सोनारानं पाटली दिली तर गलाईवाला पाटली परत देत नाही, तेवढ्या वजनाचं सोनं देतो. आक्का दोन महिन्यांत एवढं शिकली होती. अर्धा तोळा आलाय, आठ दिवसांनी अर्धा तोळा द्यायचा, तिच्या लेखी यात काही वावगं नव्हतं. आणि सौभाग्याचं लेणं असतं तर काळे मणी नसते का? आमच्याकडच्या कुठल्याही बाईला विचारा. काळ्या मण्यांशिवाय मंगळसूत्र असतं हे तिच्या स्वप्नातही येणार नाही. शिवाय बाईच्या गळ्यात हळकुंड दिसत होतं. आक्काला वाटलं, या गरिबांचं मंगळसूत्र हेच, आणि सोन्याचा डाग आपला हौसेचा.

झालं होतं नेमकं उलटं. तो डाग म्हणजे ताली, लग्नात नवऱ्यानं गळ्यात बांधलेली. नवरा जिवंत असताना तिकडच्या बायका ती उतरवत नाहीत. पोरासाठी उतरवली आणि गळा मोकळा राहू नये म्हणून तिच्या जागी हळकुंड बांधलं.

नवव्या दिवशी तवमणी आली. छावणीतून बाहेर पडायला चिठ्ठी लागायची, रांगेत उभं राहून ती काढली होती, कुठून कुठून पैसे जमवले होते. आक्कानं हसत हसत सोन्याची गुळगुळीत गोळी तिच्या हातावर ठेवली. तिनं गोळी उलटीपालटी करून पाहिली, परत दिली आणि गळ्याशी हात नेऊन बोटांनी गाठ मारून दाखवली. कॉफीवाला हातातला पेला ठेवून आला. त्यानं ताली म्हणजे काय ते सांगितलं तेव्हा आक्कानं ती गोळी मुठीत झाकली.

पण खरं तिच्या तोंडून निघालं नाही. "मदुरंला गेलीया," असं ती बोलून गेली. "मालक घिऊन येत्याल." कॉफीवाल्यानं तेच तमिळमध्ये सांगितलं. बाईनं मान हलवली. निघताना आक्कानं पुन्हा कुंकू लावलं, या वेळी जरा जास्तच.

दाजी आल्यावर आक्का त्यांच्या अंगावर धावली. "आवं, ती ताली व्हती! तुमाला ठावं नव्हतं? चार वर्सं हितं बसलाय न्हवं?"

"ठावं हाय की," दाजी म्हणाले. भट्टीतला कोळसा सारखा करत होते, वर बघितलंसुद्धा नाही. "ह्या महिन्यात रोज धा-पंधरा ताल्या येत्यात. सगळ्या छावणीतनं. त्यातली एक."

"दुसरी करून द्या तिला."

"येकीला दिली तर उद्या दारात रांग लागंल, हरणे. मेंढरं मेली तवा आपल्याला कुणी दुसरी दिली व्हती?"

दाजी वाईट माणूस नव्हते. हे मी मुद्दाम लिहितो, कारण वाईट माणसानं केलं असं म्हटलं की वाचणारा मोकळा होतो. बाजारात बसलेला माणूस होता आणि त्या मोसमात बाजारात माल भरपूर आला होता.

तवमणी त्यानंतर आणखी चारदा आली. कॉफीवाल्याला वेळ नसला तर बोलायला कुणी नसायचं. दोघी समोरासमोर बसायच्या. आक्का खुणा करायची, येईल, नवरा येईल, ताली येईल, सगळं नीट होईल. तिला काहीतरी खायला घालायची आणि दर खेपेला उठताना कुंकू लावायची. मनातून शरमेनं मेली होती, म्हणून हात आणखी सढळ. बाई मान खाली घालून लावून घ्यायची. सहाव्या खेपेनंतर ती आली नाही. छावणीतली माणसं राज्यभर दुसऱ्या छावण्यांमध्ये पांगवली, असं कळलं.

तेव्हा आक्कानं आपली बोरमाळ मोडली. माहेरची, बापानं चाळीस मेंढरं विकून केलेली. गल्लीतल्या एका म्हाताऱ्या सोनाराकडून तिनं तशीच ताली घडवून घेतली. दाजींनी दोन दिवस जेवण टाकलं. तिनं त्यांना तिसऱ्या दिवशीही वाढलं नाही.

एक्याण्णवच्या उन्हाळ्यात तिकडं माजी पंतप्रधान बॉम्बस्फोटात गेले आणि वातावरण फिरलं, परक्या माणसाकडं जो तो संशयानं बघायला लागला. दाजींनी दुकान विकलं आणि दोघं गावी आली. बंगला उठला. वास्तुशांतीला मी गेलो होतो. लोक फरशीवरून हात फिरवून बघत होते, आणि आक्का मागच्या खोलीत ट्रंकेपाशी बसली होती. तिथं तिनं मला ती ताली दाखवली आणि हे सगळं सांगितलं.

"तू तिकडचं बोलतोस न्हवं रं?" ती म्हणाली. "मला येकडाव तिच्यापुढं न्हे. तिचा नवरा आला आसंल. आलेल्या नवऱ्याला गळ्यात हळकुंड दिसलं आसंल. तिनं काय सांगितलं आसंल त्याला?"

तिला एवढ्याचाच घोर लागला होता. दीड वर्षं बाकी काही सुचत नव्हतं. त्या नवरा-बायकोत आपल्यामुळं वितुष्ट आलं का, एवढं तिला कळायला हवं होतं आणि ताली त्या बाईच्या हातात पडायला हवी होती.

मी तेव्हा माधवनगरला एका सूतगिरणीवर वॉचमन होतो. गेटवरच्या खोलीत पेपर यायचा. ब्याण्णवच्या जानेवारीत बातमी वाचली की निर्वासितांना बोटीनं परत धाडायला सुरुवात होणार. लढाई चालूच होती बरं का तिकडं. पण पाहुणे फार दिवस राहिले की घरधन्याला त्यांच्या गावात शांतता नांदताना दिसायला लागते. मी रजा टाकली. दाजी म्हणाले, "आर्ध्या तोळ्यापायी दोन मानसांचं भाडं?" आक्कानं ताली रुमालात बांधली. मिरजेला गाडी धरली आणि बदलत बदलत तिसऱ्या दिवशी आम्ही समुद्रावर पोचलो.

बोटीत चढवायची माणसं आधी जुन्याच छावणीत आणून ठेवत होते. फाटकापाशी याद्या चिकटवलेल्या. मी तमिळ बोलतो म्हणजे काय, तर थांब, हात वर, आत कोण आहे, एवढं फौजेनं शिकवलं. बाकीचं चौकीजवळच्या एका न्हाव्याकडून शिकलो. बोलणं तोडकंमोडकं, समजायचं मात्र सगळं. तवमणी नावाच्या चौघी होत्या. आक्कानं चौथीला लांबूनच ओळखलं, मेंढरू ओळखावं तसं.

ती एका पत्र्याच्या पेटीवर बसली होती. शेजारी मुलगी, आता आठ-नऊ वर्षांची. धाकटं पोर दिसलं नाही. आक्कानं विचारलं नाही, मीही विचारलं नाही.

मी तिला हाक मारली आणि "थांब" म्हणालो. ती लगेच उठून उभी राहिली, मुलीला पाठीमागं घेतलं. मग माझ्याकडं नीट बघून म्हणाली, "तुम्ही आमच्याकडं होता." मी हो म्हणालो. माझा आवाज तिला कुठून ओळखीचा होता ते मला कळलं आणि जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं वाटलं.

आक्कानं घाईघाईनं रुमाल सोडला आणि ताली पुढं केली. "सांग तिला, चूक माजी हाय. वितळली माज्या हातनं. आन् विचार, नवरा कवा आला?"

मी विचारलं. तवमणीनं तालीला हात लावला नाही. ती माझ्याशी बोलत होती, बघत होती आक्काकडं.

"तो आला नाही," ती म्हणाली. "मागची नाव उलटली. एकजण पोहताना कोळ्यांना सापडला, त्यानं छावणीत येऊन सांगितलं. मी दुकानात दोनदा गेले होते तोवर. पुढचे चार वेळा गेले ते ताली गळ्यात घालायला नाही, उतरवायला. आमच्यात मेलेल्याच्या नावानं ती बायकांच्या समोर उतरवावी लागते. म्हाताऱ्या म्हणाल्या, हळकुंड चालणार नाही, त्यानं बांधलेलीच आण. प्रेत नाही, ताली नाही, मग तो मेला हे मी कशानं मानायचं? म्हणून जात होते. आणि हिनं दर खेपेला मला कुंकू लावलं."

मी आक्काला एकेक वाक्य सांगत होतो. इथं थांबलो. आक्का म्हणाली, "पुढं काय म्हनली? सांग." मी सांगितलं. खोटं सांगायची बुद्धी मला झाली नाही असं नाही, पण खोट्यानंच हे सगळं सहाव्या खेपेपर्यंत ताणलं होतं.

तवमणी बोलत राहिली. "तो गेल्याचं कळल्यावर पहिल्यांदा मी तशीच छावणीत गेले, पुसायचं सुचलं नाही. रांगेतल्या बायका थुंकल्या. नवरा समुद्रात आणि ही कुंकू लावून फिरते. पुढं मी फाटकाबाहेरच्या नळावर पुसून जायचे. लाल डाग पदराला राहायचा."

"मग ल्यायची कशापायी?" आक्का ओरडलीच. "हात धरायचा माजा! न्हाई म्हनायचं!"

मी विचारलं. तवमणीनं आक्काच्या हाताकडं बघितलं. मग म्हणाली, "या देशात आल्यापासून मला हात लावून जवळ घेणारी ती एकटीच होती. बाकी सगळे लांबून भात वाढायचे. मला तिचा हात काढवला नाही."

आक्का खाली वाळूतच बसली. रडली नाही. आमच्या घरात रडणं सोपं नाही. त्या दिवसापासून तिनं कुठल्याही बाईच्या कपाळाला हात लावला नाही, लग्नात नाही, संक्रांतीला नाही, पोटच्या लेकीलाही नाही. गावातल्या बायका म्हणतात, बंगला झाला आणि हरणाबाईला माज चढला. मी एकदा भांडलो त्यांच्याशी, मग सोडून दिलं. यांना समुद्र दाखवायचा तरी कसा?

तिकडं भोंगा वाजला. पोलीस यादी घेऊन नावं पुकारायला लागला. आक्कानं बसल्या बसल्या ताली पुन्हा वर धरली. माझ्याकडं न बघता म्हणाली, "आता तिला नको आसंल. तरी बी घे म्हनावं. कुटं तरी टाक म्हनावं."

तवमणीनं ती घेतली. तळहातावर ठेवून जोखली, मग दाताखाली धरून पाहिली. "खरं सोनं आहे ना?" तिनं मला विचारलं.

मी म्हणालो, चोख आहे.

तिनं मुलीला जवळ ओढलं, तिच्या परकराच्या नाडीच्या घडीत ती ताली सरकवली आणि वरून घट्ट गाठ मारली. मुलगी हात वर करून शांत उभी होती. हे तिला नवीन नव्हतं.

"ही सरकारी बोट फुकट नेते आहे," तवमणी म्हणाली. "पण तिकडून पुन्हा पळावं लागेल, तेव्हा नावाडी फुकट घेणार नाही. एका माणसाचं होईल एवढ्यात. हिचं होईल."

पोलिसानं नाव पुकारलं. तिनं पेटी डोक्यावर घेतली, मुलीचा हात धरला आणि रांगेत जाऊन उभी राहिली.